कॉफीहाउसमधल्या रहस्यकादंबरीवर अभिप्राय कसा लिहावा

कॉफीहाउसमध्ये घडणाऱ्या हलक्याफुलक्या रहस्यकादंबऱ्यांवरील वाचकांच्या अभिप्रायांत दोन वाक्ये हमखास सापडतात: ‘वाचता वाचता कॉफीची तलफ आली’ आणि ‘खुनी कोण हे मी आधीच ओळखले होते’. दोन्ही वाक्ये मनापासून लिहिलेली असतात, परंतु ज्याने ते पुस्तक अजून हाती घेतलेले नाही त्याला त्यांतून फारसे काही मिळत नाही. कोडे नीट रचलेले आहे का, लेखक वाचकाशी प्रामाणिक राहिला आहे का आणि ज्या कॉफीहाउसच्या नावावर पुस्तक खपते ते कथेत खरोखर काही काम करते का, हे त्याला जाणून घ्यायचे असते. त्यातही शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि नेमका तोच बहुतेक अभिप्रायांतून सुटतो.

‘कोझी मिस्टरी’ म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार काही अटी पाळूनच लिहिला जातो. त्या ठाऊक नसतील तर पुस्तकावर नाहक अन्याय होतो. तपास करणारी व्यक्ती पोलीस खात्यातली नसते, प्रत्यक्ष खून पडद्याआड होतो, संशयित एकमेकांना ओळखणाऱ्या लहानशा वर्तुळातले असतात आणि शेवटी गुन्हेगार सापडतोच. अमेरिकेत १९८९ पासून भरणाऱ्या ‘मॅलिस डोमेस्टिक’ या संमेलनात याच परंपरेतल्या पुस्तकांना अगाथा पुरस्कार दिले जातात, आणि उघड लैंगिक वर्णन किंवा अतिरेकी हिंसा नसावी ही त्यांची अटच आहे. तेव्हा शवविच्छेदनाचा तपशील नाही किंवा पोलिसी कामकाज वरवरचे आहे, ही तक्रार येथे गैरलागू ठरते. मात्र कॉफीहाउसची मालकीण पोलिसांना बाजूला सारून स्वतः चौकशीला का निघाली, याचे पटण्याजोगे कारण नसेल तर तो दोष खरा आहे आणि तो स्पष्टपणे लिहावा. तिच्याच हाताखालच्या मुलावर आळ आला असेल किंवा गिऱ्हाईक तुटून दुकानाला टाळे लागण्याची वेळ आली असेल, तर गोष्ट पटते. निव्वळ उत्सुकतेच्या बळावर अख्खी कादंबरी उभी राहत नाही.

वाचताना पेन्सिल जवळ ठेवावी, पण प्रत्येक पानावर खुणा करत बसू नये, कारण त्याने वाचनाची मजा जाते. रहस्य उलगडण्याच्या बरेच आधी, साधारण तीन चतुर्थांश पुस्तक संपल्यावर, एकदा थांबावे आणि आपला संशय कोणावर आहे व कशामुळे आहे ते दोन-तीन ओळींत लिहून काढावे. हे टिपण फार मोलाचे असते. शेवट कळल्यानंतर आपल्याला सगळे आधीपासूनच ठाऊक होते असे मनाला वाटू लागते आणि त्या भरात लिहिलेला अभिप्राय विश्वासार्ह राहत नाही. कागदावरच्या ओळी मात्र बदलत नाहीत. शिवाय, संशय एखाद्या धाग्यामुळे आला होता की ‘जो सगळ्यांत सभ्य तोच खुनी’ या सवयीच्या ठोकताळ्यामुळे, हेही त्यातून कळते. ठोकताळ्याने खुनी सापडला असेल, तर लेखकाने पात्ररचनेत नेहमीचीच वाट धरली असा त्याचा अर्थ होतो, आणि खुन्याचे नाव न घेताही तसे नोंदवता येते.

पुस्तक संपले की लगेच लिहायला बसू नये. उत्तर ठाऊक झाल्यावर सुरुवातीची काही प्रकरणे पुन्हा चाळावीत. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मोपदेशक-लेखकाने १९२९ साली गुप्तहेरकथेसाठी दहा नियम सांगितले होते. त्यांतले काही आता कालबाह्य वाटले, तरी तीन अजूनही उपयोगी पडतात: गुन्हेगाराचा उल्लेख कथेच्या सुरुवातीच्या भागातच आलेला असावा, तपास करणाऱ्याला मिळालेला प्रत्येक धागा वाचकालाही तत्काळ दिसावा आणि आजवर कोणालाच माहीत नसलेले विष वापरू नये. दुसऱ्या वाचनात हे सहज तपासता येते. धागा समोरच ठेवलेला होता आणि आपली नजर तिथून घसरली, असे आढळले तर लेखकाला मोकळ्या मनाने दाद द्यावी. निर्णायक पत्र शेवटून दुसऱ्या प्रकरणात अचानक एखाद्या खणात सापडत असेल, तर वाचकाची फसवणूक झाली असे म्हणायला कचरू नये.

आता कॉफीहाउसकडे वळू. त्याच्या जागी फुलांचे दुकान किंवा पुस्तकांचे दुकान कल्पून पाहावे आणि कथानक जसेच्या तसे टिकते का ते बघावे. टिकत असेल, तर कॉफी निव्वळ वासापुरती आहे. कॉफीहाउस ही जागा मुळात रहस्यकथेला फार सोयीची आहे, कारण तेथे निरनिराळ्या थरांतली माणसे एकाच छपराखाली निवांत बसून बोलतात. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याने १६७५ च्या डिसेंबरमध्ये कॉफीहाउसे बंद करण्याचा हुकूम काढला, तो तेथे चालणाऱ्या राजकीय कुजबुजीच्या धास्तीनेच, आणि लोकांच्या विरोधामुळे काही दिवसांतच त्याला तो मागे घ्यावा लागला. चांगल्या कादंबरीत हीच कुजबुज मालकिणीच्या कानावर तुकड्यातुकड्यांनी पडते आणि त्यातले खरे कोणते हे तिला निवडावे लागते. सामान्य कादंबरीत मात्र प्रत्येक गिऱ्हाईक काउंटरशी येऊन नेमकी हवी तीच माहिती सांगून जाते. कादंबरी यांपैकी कोणत्या जातीची आहे, हे एका वाक्यात तरी सांगावेच.

त्याहून बारीक तपासणी कॉफीच्या कामाची. समजा, कथेतला नोकर सांगतो की त्याने पहाटे कुलूप उघडले आणि पाचच मिनिटांत मृत व्यक्तीला एस्प्रेसो करून दिला. दुकानातले मोठे एस्प्रेसो मशीन रात्रभर बंद असेल, तर ते पुरते तापायला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. मग एक तर तो खोटे बोलतो आहे, नाही तर त्याच्याआधी कोणीतरी आत येऊन मशीन चालू केले होते. असा धागा दुसऱ्या कोणत्याही दुकानात सापडणार नाही. त्यात प्रामाणिकपणाही हवा: मशीन वेळेआधी चालू कर म्हणून मालकीण नव्या पोऱ्याला दुसऱ्याच प्रकरणात ओरडलेली असेल, तर कॉफीतले काही न कळणाऱ्या वाचकालाही पुरेशी संधी मिळाली असे म्हणता येते. विषाचेही तसेच आहे. काळ्या कॉफीचा कडूपणा दुसरी कडू चव झाकतो, हे या कथांचे आवडते भांडवल. पण नेहमीच्या गिऱ्हाइकाची ठरलेली कॉफी सगळ्यांना तोंडपाठ असते, त्यामुळे कोणाचा पेला कोणता हे कोणालाही ओळखता येते, ही गोष्ट लेखकाने वापरली असेल तर ती अधिक चतुर समजावी. तपशिलाची चूक आढळली तर तिचे वजन पाहूनच तिचा उल्लेख करावा. एस्प्रेसो साधारण २५ ते ३० सेकंदांत उतरतो. कथेत तो मिनिटभर उतरत राहिला आणि त्यावर काहीच अवलंबून नसेल, तर ती चूक सोडून द्यावी. त्याच वेळेवर कोणाची सुटका ठरत असेल, तर मात्र कोडेच कोसळते आणि तसे लिहिणे आवश्यक असते.

पुस्तक मालिकेतले असेल तर ते कितवे आहे आणि आधीची न वाचता कळते का, हे एका ओळीत सांगावे. शेवटी पाककृती जोडण्याची या प्रकारात प्रथाच आहे. त्यांवर वेगळा परिच्छेद खर्च करू नये.

रहस्य फुटू न देणे हे वाटते त्याहून अवघड असते, कारण ते बहुधा निरुपद्रवी दिसणाऱ्या वाक्यांतून फुटते. ‘बेकरीवाल्यावर संशय घेण्यात माझा निम्मा वेळ फुकट गेला’ असे लिहिले की बेकरीवाला निर्दोष आहे हे सांगून झाले. ‘तिची पहिल्याच पानावर मला शंका आली होती’ हे तर थेट बोट दाखवणे झाले. त्याऐवजी ‘संशयाची सुई तीनदा फिरली आणि दर वेळी ती फिरण्यामागे सबळ कारण होते’ असे लिहिले, तर रचनेची पारख होते आणि कोडेही शाबूत राहते. पहिला बळी कोण हे सांगायला सहसा हरकत नसते, कारण तो लवकरच पडतो. दुसऱ्या बळीचा मात्र उच्चारही टाळावा. शेवटी मोठा धक्का आहे, एवढे सांगितले तरी वाचक सावध होऊन उघड संशयितांना वगळू लागतो, म्हणून तेही नको.

इतरांचे अभिप्राय आपला मजकूर पूर्ण झाल्यावरच वाचावेत, नाही तर त्यांचे शब्द नकळत आपल्या लेखणीत उतरतात. त्यानंतर तो मजकूर पुस्तक न वाचलेल्या एखाद्या स्नेह्याला वाचायला द्यावा आणि खुनी कोण असावा असे वाटते, एवढेच विचारावे. त्याने क्षणाचाही विलंब न लावता बरोबर नाव घेतले, तर कोणत्या वाक्यावरून ते सुचले हे त्याच्याकडूनच जाणून घेऊन ते वाक्य काढून टाकावे.