जगाच्या अंताचे चित्रपट कसे पाहावेत

जगाचा अंत म्हटला की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कोसळणाऱ्या इमारती आणि शहर गिळणाऱ्या लाटा येतात. अशा चित्रपटांतली पडझड पाहताना श्वास रोखला जातो खरा, पण महिनाभराने त्यातले फारसे काही आठवत नाही. या विषयावरचे जे चित्रपट वर्षानुवर्षे मनात घर करून राहिले आहेत, त्यांनी अंत दाखवण्यासाठी घरातलीच एखादी साधी वस्तू हाती घेतलेली असते. ते पाहताना ती वस्तू शोधावी. क्रमाचाही थोडा विचार करावा, कारण यातला एखादा अवेळी पाहिला तर पुढचे पाहण्याची उमेदच उरत नाही.

सुरुवात क्रिस मार्कर यांच्या ‘ला जेते’ने (१९६२) करावी. अवघ्या २८ मिनिटांचा हा फ्रेंच चित्रपट तिसऱ्या महायुद्धात बेचिराख झालेल्या पॅरिसची गोष्ट स्थिर छायाचित्रांतून सांगतो. पाहताना फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा, कारण संपूर्ण चित्रपटात पडद्यावरचे चित्र एकदाच, तेही काही क्षणच हलते: झोपलेली स्त्री डोळे उघडते. ते डोळे पाहायचे राहिले, तर चित्रपट पुन्हा पाहावा लागेल.

त्यानंतर स्टॅन्ली क्रेमर यांचा ‘ऑन द बीच’ (१९५९) घ्यावा. अणुयुद्धाने उत्तर गोलार्ध संपला आहे, किरणोत्सर्ग दक्षिणेकडे सरकतो आहे आणि मेलबर्नच्या माणसांच्या हाती थोडे महिने उरले आहेत. पेट्रोल मिळत नाही, म्हणून रस्त्यांवर सायकली आणि घोडागाड्या धावतात. अमेरिकेच्या किनाऱ्यावरून तारायंत्राचे तुटक, निरर्थक संकेत येत राहतात, तेव्हा तिकडे कोणीतरी जिवंत असेल या आशेने पाणबुडी निघते. तिथे पोहोचलेल्या खलाशाला दिसते ते एवढेच: खिडकीच्या पडद्याच्या दोरीत शीतपेयाची रिकामी बाटली अडकली आहे आणि वारा आला की ती यंत्राच्या खटक्यावर टेकते आहे. हे आधीच सांगून टाकण्याचा संकोच मला वाटत नाही, कारण माहीत असूनही त्या खोलीतली शांतता तितकीच अंगावर येते. इथे थोडा विसावा हवा असल्यास स्टॅन्ली कुब्रिक यांचा ‘डॉ. स्ट्रेंजलव्ह’ (१९६४) पाहावा. त्यात विनाश तोच आहे, फक्त हसू आवरत नाही.

‘थ्रेड्स’ (१९८४) मात्र दिवसाउजेडी पाहावा, शक्यतो कोणाच्या तरी सोबतीने, आणि घरात लहान मूल जागे असताना मुळीच लावू नये. बॅरी हाइन्स यांनी लिहिलेला आणि मिक जॅक्सन यांनी दिग्दर्शित केलेला हा बीबीसीचा चित्रपट इंग्लंडमधल्या शेफील्ड या पोलादाच्या शहरात घडतो. बोली यॉर्कशरची असल्यामुळे इंग्रजी उपशीर्षके चालू ठेवणे बरे. रूथ आणि जिमी हे तरुण जोडपे लग्नाच्या, नव्या घराच्या आणि येणाऱ्या बाळाच्या विचारात गढलेले असते, आणि मागे रेडिओ-टीव्हीवर आखाताच्या बाजूच्या तणावाच्या बातम्या चालू असतात. पात्रांचे तिकडे फारसे लक्ष नसते. आपण मात्र कान तिकडेच ठेवावा, म्हणजे संकट स्वयंपाकघरात कसे शिरते ते कळते. हल्ल्याच्या दृश्यांपेक्षाही मला शेवटचा भाग अधिक भयंकर वाटतो. युद्धानंतर जन्मलेली मुले पूर्ण वाक्य बोलू शकत नाहीत, दोन-चार मोडक्या शब्दांवर त्यांचे भागते. शहरे पुन्हा बांधता येतील, पण आजीने नातवाला सांगायची वाक्येच गेली तर ती कुठून आणायची, हा प्रश्न भाषेवर प्रेम करणाऱ्या कोणालाही झोपू देणार नाही. त्यामुळे यानंतर आठवडाभर या विषयावरचे दुसरे काही पाहू नये.

लार्स फॉन ट्रायर यांच्या ‘मेलँकोलिया’त (२०११) एक ग्रह पृथ्वीकडे येत असतो. चित्रपटाचे दोन भाग जस्टीन आणि क्लेअर या दोघी बहिणींच्या नावांचे आहेत, आणि पहिल्या भागातला लग्नसोहळा लांबला तरी तो पुढे ढकलू नये, कारण तिथे खचलेली जस्टीनच दुसऱ्या भागात सर्वांत स्थिर राहते. क्लेअरच्या लहान मुलाने काठीला तारेचे कडे लावून एक साधन केलेले आहे. ते छातीशी धरायचे, कडे ग्रहाच्या आकाराएवढे करायचे, थोडा वेळ थांबायचे आणि पुन्हा पाहायचे. एकदा ग्रह कड्याच्या आत मावतो, तेव्हा क्लेअरच्या जिवात जीव येतो. पुढच्या वेळी तो कड्याबाहेर आलेला असतो. वाग्नर यांच्या संगीतासाठी हेडफोन जरूर वापरावा. ज्यांचे मन सध्या निराशेने ग्रासलेले आहे, त्यांनी मात्र हा चित्रपट आत्ता टाळावा. त्यात आत्महत्येचाही प्रसंग आहे.

बेला टार यांचा ‘द ट्युरिन हॉर्स’ (२०११) सर्वांत शेवटी ठेवावा आणि एका बैठकीतच पाहावा. सुमारे अडीच तासांत फक्त ३० चित्रणखंड, म्हणजे कॅमेरा न थांबवता घेतलेली सलग दृश्ये, आहेत, त्यामुळे मध्ये थांबवले की लय तुटते. एका माळरानावरच्या घरात बाप आणि मुलगी रोज एकेक उकडलेला बटाटा खातात, बाहेर वारा घोंघावतो. पहिल्या दिवशी बाप गरम बटाटा कसा सोलतो हे नीट पाहून ठेवावे. पुढे घोडा खाणे सोडतो, विहीर आटते, दिवा पेटेनासा होतो, आणि सहाव्या दिवशी त्याच टेबलावर दोघांपुढे बटाटे येतात ते कच्चे.