"संशोधनातून सिद्ध झालंय" म्हणे, मग ते संशोधन शोधायचं कसं?

कुठलाही अभ्यासाचा लेख उघडा, दोन-चार परिच्छेदात "संशोधनातून असं दिसून आलंय की" हे वाक्य येणारच, शेजारी संदर्भाचा बारीक आकडा असतो आणि तो आकडा दिसला की आपण निर्धास्त होतो. थिसिसवाले, असाइनमेंटवाले, ब्लॉगवाले सगळेच तो संदर्भ उचलून स्वतःच्या यादीत टाकतात, मूळ पेपर (म्हणजे शोधनिबंध) कोणी उघडत नाही. सिमकिन आणि रॉयचौधुरी या दोन संशोधकांनी २००३ मधे यावर भारी डोकं लावलं होतं. संदर्भयादीतल्या छपाईच्या चुका, म्हणजे पान नंबर चुकला, खंड चुकला, त्या पुढच्या पेपरांत जशाच्या तशा उतरलेल्या दिसतात, मग अशा चुका मोजून त्यांनी अंदाज काढला की संदर्भ देणाऱ्यांपैकी साधारण २० टक्केच लोकांनी मूळ पेपर वाचलेला असावा. अंदाजच आहे तो, पण ज्यांनी चार थिसिस वाचलेत त्यांना धक्का बसणार नाही.

तर हा लेख फक्त एवढ्यासाठीच आहे, एखादा दावा हातात आला की त्याच्या मुळापर्यंत कसं जायचं. विषय सायन्सचा असो, इतिहासाचा असो की साहित्याचा, पद्धत बरीचशी सारखीच आहे, फक्त शेवटी पोचल्यावर जे सापडतं ते वेगळं असतं.

आधी दावा एका वाक्यात लिहून काढा. कोण, कधी, किती जणांवर, कशाच्या तुलनेत. "कॉफी चांगली असते" हा दावा नाही, "रोज अमुक कप कॉफी पिणाऱ्या अमुक वयाच्या लोकांमधे तमुक आजार कमी दिसला" हा दावा आहे. इतिहासातही तेच, "त्या काळात लोक असं मानायचे" म्हणजे कुठले लोक, कुठल्या दशकात, आणि हे कोणी लिहून ठेवलंय? दावा असा नीट लिहायला बसलात की निम्म्या वेळा लक्षात येतं की समोरच्या लेखात ही माहितीच नाहीये, आणि मग तुम्ही काय शोधायचं ते आपोआप ठरतं.

मग मूळ पेपर शोधा. डीओआय नंबर (प्रत्येक पेपरला दिलेला कायमचा ओळख क्रमांक) दिलेला असेल तर सगळ्यात सोपं, डीओआयच्या साइटवर तो टाकला की थेट प्रकाशकाच्या पानावर जाता. नसेल तर पूर्ण शीर्षक अवतरण चिन्हात घालून गूगल स्कॉलरवर टाका. पैसे मागणारं पान आलं की बरेच जण तिथेच सोडून देतात, ते करू नका. स्कॉलरमधे त्या पेपरच्या खाली बाकीच्या आवृत्त्यांची लिंक असते, तिथे कित्येकदा लेखकाने स्वतः ठेवलेली पीडीएफ मिळते. अनपेवॉल नावाचं ब्राउझर एक्स्टेंशन आहे, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. फिजिक्स, गणित, कॉम्प्युटरचं असेल तर arXiv (उच्चार आर्काइव्ह) या मोफत पेपरांच्या साइटवर बघा (हे १९९१ पासून चालू आहे), वैद्यकीय असेल तर पबमेड सेंट्रल. ह्युमॅनिटीजवाल्यांनी (इतिहास, साहित्य वगैरे) जेस्टोर या लेखसंग्रहाच्या साइटवर फुकट अकाउंट काढून ठेवा, महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात आणि जुनी पुस्तकं इंटरनेट आर्काइव्ह नाहीतर हाथीट्रस्टवर स्कॅन केलेली सापडतात. यातलं काहीच जमलं नाही तर लेखकाला दोन ओळींचा मेल टाका. आपला पेपर कोणीतरी वाचतोय याचाच बहुतेकांना आनंद होतो, पीडीएफ येते.

आता खरी गंमत इथून पुढे आहे. पेपर उघडल्यावर तो खरंच तेच म्हणतोय का बघा.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण म्हणजे १९८० चं एक पत्र. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमधे पोर्टर आणि जिक यांनी संपादकांना लिहिलेलं, एका परिच्छेदाचं. हॉस्पिटलमधे दाखल असलेल्या आणि निदान एकदा तरी अफूजन्य वेदनाशामक दिलेल्या ११,८८२ पेशंटांच्या नोंदी त्यांनी पाहिल्या आणि आधी व्यसनाचा इतिहास नसलेल्यांमधे व्यसन लागल्याच्या नीट नोंदलेल्या ४ केसेस सापडल्या, एवढंच त्यात होतं. ना प्रयोग, ना घरी महिनोन्महिने गोळ्या घेणाऱ्यांचा पाठपुरावा. पुढे हे पत्र शेकडो ठिकाणी संदर्भ म्हणून गेलं आणि हळूहळू ध चा मा होत "या औषधांनी व्यसन क्वचितच लागतं हे सिद्ध झालंय" इथपर्यंत पोचलं. २०१७ मधे त्याच जर्नलमधे काही संशोधकांनी मोजदाद छापली, एकूण ६०८ संदर्भ, त्यातले ७२ टक्के व्यसन दुर्मिळ असतं याचा पुरावा म्हणून दिलेले आणि ८० टक्क्यांहून जास्त ठिकाणी हे पेशंट हॉस्पिटलमधले होते हा उल्लेखच नाही. उत्तर अमेरिकेत ओपिऑइडच्या, म्हणजे याच अफूजन्य औषधांच्या, व्यसनाने जो हाहाकार झाला त्याला या गैरसमजाने हातभार लावला असं त्यांचं म्हणणं होतं. आणि पत्र उघडून वाचायला मिनिटभर पुरेसं होतं, हे महत्वाचं.

म्हणून सायन्सचा पेपर असेल तर वाचायचा क्रम बदला. ॲबस्ट्रॅक्ट, म्हणजे सुरुवातीचा सारांश, ही जाहिरात समजा, ती वाचा पण तिच्यावर थांबू नका. तिथून थेट मेथड्सवर (अभ्यास कसा केला तो भाग) जा, लोक किती होते, कुठून घेतले, तुलना कशाशी केली, किती दिवस बघितलं. मग आलेख आणि तक्ते स्वतः बघा आणि लेखकाचं म्हणणं न वाचता आपल्याला त्यातून काय दिसतं ते ठरवा, मग डिस्कशन वाचा. उंदरांवरचा प्रयोग असेल तर शीर्षकात उंदीर नसतोच बऱ्याचदा, तो मेथड्समधे सापडतो. टक्केवारीत वाढ दिली असेल तर मूळ आकडे शोधा, १०,००० माणसांत २ ऐवजी ३ जण आजारी पडले तरी ५० टक्के वाढ होते आणि बातमी तेवढीच छापते. औषधाची चाचणी असेल तर क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह या नोंदवहीत जाऊन बघा की सुरुवातीला ते नेमकं काय मोजणार होते आणि पेपरात काय मोजलंय म्हणतात. दोन्ही जुळत नसेल तर सावध व्हा. हे फार कमी लोक करतात, पण माझ्या मते अर्ध्या तासात सगळ्यात जास्त हाताला लागतं ते इथेच.

आणि एका पेपरवर अख्खा डोलारा उभा करू नका. २०१५ मधे मानसशास्त्रातले १०० अभ्यास पुन्हा करून बघितले होते, मुळात ९७ टक्के अभ्यासांत परिणाम सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय आला होता, पुन्हा केल्यावर तो ३६ टक्क्यांतच आला. याचा अर्थ बाकीचे सगळे खोटे असा नाही, पण एकटा अभ्यास म्हणजे एक साक्षीदार, बस. त्यामुळे त्याच प्रश्नावर सिस्टिमॅटिक रिव्ह्यू, म्हणजे त्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास ठरलेल्या पद्धतीने गोळा करून घेतलेला आढावा, झालाय का ते आधी शोधा, वैद्यकीय विषयाला कॉक्रेन या संस्थेचे रिव्ह्यू चांगले असतात.

ह्युमॅनिटीजकडे आलात की खेळ बदलतो. इथे प्रयोग पुन्हा करता येत नाही, पण पुरावा तपासता येतो, आणि ही पद्धत काय आजची नाही. रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनने पोपला मोठा प्रदेश आणि अधिकार दिल्याचं एक दानपत्र शतकानुशतकं खरं मानलं जात होतं, १४४० मधे लोरेंझो व्हाल्ला या इटालियन विद्वानाने त्यातली लॅटिन तपासून दाखवून दिलं की ही भाषा चौथ्या शतकातली असूच शकत नाही. कागद तोच, फक्त कोणीतरी नीट वाचला.

इथे तळटीपा आधी वाचा. खरंच सांगतो, इतिहासाच्या लेखाचा जीव तळटीपांत असतो. लेखक मूळ कागदपत्रांपर्यंत गेलाय की दुसऱ्याच्या पुस्तकावरून लिहितोय ते तिथेच उघडं पडतं, आणि जिथे सगळ्यात मोठा दावा आहे नेमकी तिथेच तळटीप नसेल तर समजून जा. अवतरण असेल तर ते मूळ ग्रंथात, त्या पानावर, मागचा-पुढचा परिच्छेद धरून वाचा. कुठली आवृत्ती, कोणाचा अनुवाद, तेही बघा. "तुमचं म्हणणं मला मान्य नाही, पण ते मांडायच्या तुमच्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन" हे वाक्य व्हॉल्टेअरच्या नावावर जगभर फिरतं, व्हॉल्टेअर वारला १७७८ मधे आणि हे वाक्य आलं १९०६ मधे, एव्हलिन बीट्रिस हॉल या लेखिकेच्या पुस्तकातून, त्याची वृत्ती सांगायला तिने स्वतःच्या शब्दात लिहिलेलं. वाक्य चांगलंच आहे, फक्त त्याचं नाही.

जाडजूड पुस्तक समोर असेल आणि ते वाचायचं की नाही ठरत नसेल तर आधी जर्नल्समधले त्याचे दोन-तीन रिव्ह्यू वाचा, शक्यतो एकमेकांशी न पटणारे. त्यातून पुस्तकाचा मुख्य मुद्दा कळतो आणि त्या क्षेत्रातले लोक त्याच्याशी कुठे भांडतायत तेही कळतं. आणि जुनं आहे म्हणून टाकू नका. सायन्समधे वीस वर्षांपूर्वीचा पेपर बऱ्याचदा मागे पडलेला असतो, पण साहित्य-इतिहासात शंभर वर्षांपूर्वीचं संपादन आजही सगळ्यात विश्वासार्ह असू शकतं.

दोन्हीकडे उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे मागे आणि पुढे चालत जाणं. मागे म्हणजे त्या लेखाची संदर्भयादी, पुढे म्हणजे त्या लेखाला नंतर कोणी कोणी संदर्भ दिला, स्कॉलरमधे प्रत्येक निकालाखाली ते दिसतं. मागे जाताना संदर्भाचा संदर्भ, त्याचा संदर्भ असं करत जा, कधी कधी साखळी हवेतच संपते. पालकातल्या लोहाची गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल, की एका शास्त्रज्ञाचं दशांश चिन्ह चुकलं आणि लोह दहापट छापलं गेलं म्हणून पालक लोहासाठी प्रसिद्ध झाला. ही गोष्ट आकडे नीट तपासा हे शिकवायला सांगतात! आणि ओले ब्यॉर्न रेकडाल या संशोधकाने २०१४ च्या लेखात दाखवलं की या दशांशाच्या गोष्टीलाच मुळात आधार सापडत नाही, सगळे एकमेकांचा हवाला देतायत. याहून पुढची पायरी म्हणजे एका प्रकाशकाने लेखकांसाठी केलेल्या नमुन्यात, संदर्भ कसा लिहावा हे दाखवायला एक काल्पनिक पेपर घातला होता, तो पेपर जगात कुठेच नाही आणि त्याला जवळपास ४०० संदर्भ मिळाले.

मागे-पुढे चालताना थांबायचं कधी? तीच तीच नावं आणि तेच तेच पेपर फिरून यायला लागले की थांबा. त्याआधी थांबलात तर अर्धवट, त्यानंतरही चालू ठेवलंत तर लिखाण टाळताय.

पेपर मागे घेतलाय का ते बघायला विसरू नका. लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा १९९८ चा लॅन्सेटमधला पेपर १२ मुलांवरचा होता, तो मागे घेतला गेला २०१० मधे, मधली बारा वर्षं तो अधिकृतपणे उभा होता. प्रकाशकाच्या पानावर वरती सूचना असते, पण तुमच्याकडे जुनी पीडीएफ असेल तर त्यात काहीच दिसणार नाही. मागे घेतलेल्या पेपरांची नोंद ठेवणारा रिट्रॅक्शन वॉचचा डेटाबेस मोफत आहे. झोटेरो (संदर्भ सांभाळायचं सॉफ्टवेअर) वापरत असाल तर ते स्वतःच लाल पट्टी दाखवतं, आणि वापरत नसाल तर आजच टाकून घ्या, फुकट आहे, संदर्भयादी हाताने टाइप करण्यात आयुष्य घालवू नका.

नोंदी ठेवताना एवढंच करा, लेखकाचे शब्द अवतरण चिन्हात आणि पान नंबरासकट, तुमचे शब्द वेगळ्या रंगात. सहा महिन्यांनी कुठलं वाक्य कोणाचं ते आठवत नाही, आणि मग नकळत चोरी होते ती अशीच.

एआयचं काय, हा प्रश्न येणारच. कीवर्ड सुचवायला, अवघड परिच्छेद सोपा करून घ्यायला वापरा ना, पण त्याने दिलेला एकही संदर्भ स्वतः उघडल्याशिवाय घेऊ नका. लेखकाचं नाव खरं, जर्नल खरं आणि पेपरच अस्तित्वात नाही असं सर्रास होतं. २०२३ मधे न्यूयॉर्कच्या कोर्टात वकिलांनी चॅटजीपीटीने रचलेले खोटे निवाडे दाखल केले होते आणि ५,००० डॉलर दंड भरला. डीओआय टाका, पान उघडलं आणि शीर्षक जुळलं तर पुढे वाचा.

आणि एवढं सगळं करून मूळ स्रोत मिळालाच नाही तर? तर तसंच लिहा. "अमुक यांचं मत, तमुक यांच्या पुस्तकात उद्धृत", आणि यादीत फक्त तमुक यांचं पुस्तक, कारण तुम्ही तेवढंच वाचलंय. गाइड कधी कधी म्हणतात की हे कमकुवत दिसतं, मूळच टाक. टाकू नका, आणि व्हायवात (थिसिसच्या तोंडी परीक्षेत) विचारलं तर सरळ सांगा की मूळ कुठे कुठे शोधलं.