गॅलरी सजवताना या चुका टाळा: आधी मे महिना आठवा

जळगाव-धुळ्याकडे गॅलरी सजवायची हौस येते ती दिवाळीनंतर. हवा छान, भरीत पार्ट्यांचा मोसम, नर्सरीत फुललेली रोपं. मग प्लॅस्टिकचं हिरवं गवत अंथरलं जातं, काळ्या लोखंडी खुर्च्या येतात, कठड्यावर पिटुनिया लटकतो. एप्रिल लागला की दार बंद आणि कूलर सुरू. पारा ४५च्या आसपास असताना त्या गवतावर दुपारी अनवाणी उभं राहून दाखवावं!

सगळ्यात मोठी चूक सावलीची. डोक्यावर स्लॅब असतानाही लोक वर शेडनेट ताणतात. आपल्याला भाजतं ते तीननंतरचं पश्चिमेचं तिरपं ऊन, आणि ते जाळीखालून सरळ आत शिरतं. पडदा उभा हवा, पश्चिमेला. बांबूची चिक चालेल, वाळ्याचा पडदा त्याहून बरा. त्यावर पाणी मारलं की इथल्या कोरड्या हवेत ते झपाट्याने उडतं आणि आत येणारा वारा गार होतो. पाऊस लागला की मात्र काढून ठेवा, नाहीतर कुबट वास सुटतो. चिक खालूनही बांधा. वळवाआधीची वावटळ सुटलं टोक आधी धरते.

रावेर-यावलकडे केळीच्या बागेला कडेने शेवरी किंवा गजराज गवत लावतात ते उष्ण वारा अडवायला. गॅलरीतही तेच करा: बाहेरच्या रांगेत बोगनवेल, अडेनियम, आत मनीप्लांट नि बाकीची नाजूक मंडळी. कण्हेरही टिकते, पण ती अडेनियमसारखीच विषारी. घरात लहान मूल असेल तर दोन्ही नकोच.

झाडाने दुपारी मान टाकली म्हणून लगेच पाणी ओतू नका. संध्याकाळी ते सावरलं तर तो फक्त उन्हाचा ताण होता. बोट मातीत खुपसा. आत ओल असेल तर थांबा. मुळं कुजून मेलेली झाडंही तशीच मलूल दिसतात. पानांच्या कडा करपल्या आणि कुंडीवर पांढरा थर आला तर बोअरच्या पाण्यातले क्षार हे कारण असू शकतं. अशा वेळी नळाचं पाणी खालून वाहून जाईपर्यंत एकदा भरपूर द्या.

वजनाचा विचार कुणी करत नाही. ओल्या मातीचं वजन लिटरला दीड किलोच्या पुढे जातं, म्हणजे ४० लिटरचा एक ड्रम ६० किलोंच्या वर. कोकोपीट मिसळा आणि जड कुंड्या कठड्याकडे न ठेवता भिंतीलगत ठेवा. गॅलरीतलं पाणी जायचं भोक प्लॅस्टिकच्या गवताखाली झाकू नका. कुंडीखालच्या ताटल्या आठवड्याला रिकाम्या करा, डास होतात.

बसायला नवारीची बाज घ्या. तापत नाही, उभी करून ठेवता येते. झोपाळा घ्यायचाच असेल तर आधी घरातल्या बायकांना विचारा, कारण मार्च-एप्रिलमध्ये पापड, कुरडया, बिबडे तिथेच वाळत पडणार आहेत.