घरकुल झालं, पण हप्ते फिटेनात? कुटुंबाला पायावर उभं राहायला मदत कशी करावी

घरकुलवाल्या कुटुंबाचं कर्ज बहुतेक वेळा जोत्याच्या आखणीतच ठरून जातं. प्रधानमंत्री आवास योजनेत ग्रामीण भागासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगराळ आणि दुर्गम भागात १ लाख ३० हजार. घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं. पण "एकदाच बांधतो ना भाऊ, मोठंच बांधू" म्हणत जोतं वाढतं आणि स्लॅबच्या वेळी सावकार आठवतो. म्हणून बचत गटाची ताई असा, शिक्षक असा की घरातलाच शिकलेला भाचा, तुमचं काम इथूनच सुरू होतं.

१. जोत्याआधी मिस्त्रीला घेऊन बसा

मिळणाऱ्या पैशात स्लॅबपर्यंत किती घर होतं, ते मिस्त्रीकडून आकड्यात काढून घ्या. खोली पुढे वाढवता येईल अशी जागा सोडा. रोजगार हमीतून घरकुलाच्या मजुरीचे पैसे वेगळे मिळतात. मस्टर (मजुरांचं हजेरीपत्रक) निघालं का, हे रोजगार सेवकाला विचारत राहा. घर आधीच झालं असेल तर ही पायरी सोडा.

२. बारा महिन्यांचा कागद करा

एका कागदावर बारा रकाने पाडा. वर हातात येणारा पैसा, खाली जाणारा. यवतमाळ-वर्ध्याकडच्या मजूर घरात कापूस वेचणीचा पैसा दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत येतो. भंडारा-गोंदियात धानाची रोवणी आणि कापणी, गडचिरोलीत मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल आणि मे महिन्यात तेंदूपत्ता. खर्च मात्र जूनमध्ये एकदम कोसळतो: बियाणं, शाळा, गळकं छप्पर. हा हिशोब घरातल्या बाईसोबत करा. किराण्याची उधारी किती, हे तिलाच ठाऊक असतं. दारू आणि खर्र्याचा (सुपारी-तंबाखूचा) रकाना घरचे स्वतः सांगतील तेव्हाच भरा. पहिल्याच बैठकीत उपदेश केला तर दुसरी बैठक होत नाही.

३. आधी महाग कर्ज फेडा

माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. शेकडा ५ नं घेतलेल्या २० हजारांवर महिन्याला हजार रुपये व्याज जातं आणि मुद्दल जागच्या जागी राहतं. तेच पैसे बचत गटातून शेकडा २ नं मिळाले तर व्याज ४०० रुपये. महिन्याला ६०० रुपये उरले, आणि त्यासाठी ना शेळी घ्यावी लागली ना मशीन.

सगळी देणी लिहा: सावकार, कृषी केंद्र, किराणा, आठवड्याचे हप्ते घेणारे फायनान्सवाले. ज्याचं व्याज सर्वात जास्त, ते आधी. एक हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं लोन घेतलं जात असेल, तर नवीन लोन आधी थांबवा. घरातली बाई 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा 'माविम'च्या (महिला आर्थिक विकास महामंडळ) बचत गटात नसेल तर तिला जोडून द्या. नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशोब या पाच गोष्टी पाळणाऱ्या गटालाच बँक पुढे कर्ज देते, हे तिला आधीच सांगा. परवाना नसताना सावकारी करणं २०१४ च्या कायद्यानं गुन्हा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे (सहकार खात्याचा अधिकारी) करता येते, पण करायची की नाही हे कुटुंबानंच ठरवावं. गावात राहायचं त्यांना असतं.

४. विमा, थोडक्यात

बँकेतून प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विमा घेतला असेल, तर जीवनज्योतीचे वर्षाला ४३६ रुपये आणि सुरक्षा म्हणजे अपघाती विम्याचे २० रुपये मे अखेरीस खात्यातून कापले जातात. तेवढी रक्कम खात्यात ठेवायला सांगा.

५. मग जोडधंदा

धंदा तुम्ही निवडू नका. घरात जे येतं, त्यातूनच सुरुवात करा. मोहफुलांचंच बघा. हंगामात भाव पडलेला असतो. वाळवून, कोरडं ठेवून पावसाळ्यात विकलं तर बहुधा जास्त मिळतो. पण डोक्यावर हप्ता असलेली बाई थांबू शकत नाही, ती व्यापाऱ्याच्या काट्यावर एप्रिलमध्येच मोह टाकते. तिसरी पायरी आधी का, याचं उत्तर इथे आहे. शेळ्या घेणार असतील तर दोनच घ्या आणि पावसाळ्याआधी आंत्रविषाराची (आतड्याच्या जीवघेण्या रोगाची) लस टोचून घ्या. शिवणकामासारखं काही शिकायचं असेल तर जिल्ह्याच्या आरसेटीत (बँकेची ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था) निवासी प्रशिक्षण मोफत मिळतं.

पासबुक, एटीएम कार्ड तुमच्याकडे ठेवू नका, कितीही आग्रह झाला तरी. बँकेत सोबत जा, पण अर्ज त्यांनाच भरू द्या, वेळ लागेल.

पुढच्या जूनचा खर्च उसनं न घेता निघाला, की दर महिन्याचं जाणं बंद करा. पोळ्याला आणि संक्रांतीला तेवढा कागद बघा, आणि त्या वेळी तो त्यांनीच लिहिलेला असू द्या.