मेमरी मिळाली होती, ऑब्जेक्ट जन्मलाच नव्हता

पहिल्या नोकरीत माझ्याकडे जुना सी कोड सी प्लस प्लसमध्ये आणायचं काम आलं. एका स्ट्रक्टमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) नावासाठी कॅरॅक्टर अ‍ॅरे होता, तो काढून मी स्टँडर्ड स्ट्रिंग (मजकूर साठवणारा सी प्लस प्लसचा तयार प्रकार) घातली. स्ट्रक्टसाठी मेमरीतली जागा मात्र पूर्वीसारखी मॅलॉक या सीच्या फंक्शननेच घेतली जायची. प्रोग्रॅम सुरुवातीला नीट चालायचा आणि तासाभराने नाव भरताना कोसळायचा. दोन दिवस मी त्याच एका ओळीकडे बघत बसले. चूक तिथे नव्हतीच.

मॅलॉक फक्त बाइट्स देतो. सातबारा नावावर झाला म्हणून घर उभं राहत नाही. स्ट्रिंगचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्यक्ष वापरायची वस्तू, बांधणारं फंक्शन) चाललाच नव्हता, त्यामुळे तिच्या आतल्या पॉइंटरच्या (मेमरीतला पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलच्या) जागी आधीचंच काहीतरी पडलेलं होतं. लिनक्सकडून नवी मिळालेली मेमरीची पानं (ठरावीक आकाराचे तुकडे) शून्यांनी भरलेली असतात, म्हणून सुरुवातीला योगायोगाने निभावून जायचं. आधी वापरून परत केलेली जागा पुन्हा वाट्याला आली की पॉइंटर भलतीकडे. शिवाय मॅलॉकची जागा परत करणारं फ्री हे फंक्शन डिस्ट्रक्टर (ऑब्जेक्ट मोडताना आवराआवर करणारं फंक्शन) चालवत नाही, म्हणजे स्ट्रिंगने हीपवर (मागून घ्यायच्या मेमरीत) घेतलेली जागा तशीच अडकून राहणार.

जागा मिळते, कन्स्ट्रक्टर चालतो, डिस्ट्रक्टर चालतो, जागा परत जाते: या चार वेगळ्या घटना आहेत. सी प्लस प्लसमधला न्यू पहिल्या दोन करतो, डिलीट शेवटच्या दोन. स्टॅकवरचे (फंक्शनच्या स्थानिक मेमरीतले) ऑब्जेक्ट कोडचा ब्लॉक संपताच आपोआप, उलट्या क्रमाने नष्ट होतात. न्यूचाच एक प्रकार असलेला प्लेसमेंट न्यू आधीच हातात असलेल्या जागेवर फक्त कन्स्ट्रक्टर चालवतो. तिथे डिस्ट्रक्टर आपणच हाताने बोलवायचा. रिकाम्या वेक्टरला (गरजेप्रमाणे वाढणाऱ्या यादीला) 100 जणांची जागा रिझर्व्ह करायला सांगा, त्याचा साइज शून्यच राहतो. जागा आहे, ऑब्जेक्ट एकही नाही.

कन्स्ट्रक्टर अर्ध्यावर एक्सेप्शन (चुकीची सूचना) फेकून बाहेर पडला, तर त्या ऑब्जेक्टचा डिस्ट्रक्टर चालत नाही. त्याच्या आतल्या, पूर्ण बांधून झालेल्या मेंबरांचे मात्र चालतात. म्हणून कच्चा पॉइंटर मेंबर ठेवण्यापेक्षा सी प्लस प्लसच्या 2011 च्या स्टँडर्डपासून मिळालेला युनिक पॉइंटर ठेवा, तो आपल्या डिस्ट्रक्टरमध्ये जागा स्वतःच परत करतो, असं मी प्रत्येक नवशिक्याला आग्रहाने सांगते.

एक छोटा क्लास लिहा. साध्या कन्स्ट्रक्टरमध्ये, कॉपी कन्स्ट्रक्टरमध्ये (एका ऑब्जेक्टवरून दुसरा बांधणाऱ्या) आणि डिस्ट्रक्टरमध्ये एकेक ओळ छापा. मग रिझर्व्ह न करता वेक्टरमध्ये पाच ऑब्जेक्ट टाका आणि छापलेल्या ओळी मोजा. वेक्टर वाढताना जुने ऑब्जेक्ट नव्या जागी पुन्हा कसे बांधले जातात, ते डोळ्यांसमोर येईल.

माझा बग शेवटी वॅलग्राइंड या मेमरीतल्या चुका शोधणाऱ्या टूलने दाखवला. ट्रॅक ओरिजिन्स (न भरलेली किंमत कुठून आली ते सांगणारा) हा पर्याय लावल्यावर त्याने थेट मॅलॉकच्या ओळीवर बोट ठेवलं. मॅलॉकच्या जागी न्यू आणि फ्रीच्या जागी डिलीट केलं, आणि कोसळणं थांबलं.