जुना राउटर फेकू नका, आतल्या खोलीत लावा

हॉलमध्ये वायफाय जोरात आणि आतल्या बेडरूममध्ये जेमतेम एक काडी, अशी तऱ्हा असेल तर नवा महागडा राउटर घेण्याआधी माळ्यावर पडलेला जुना खाली काढा. मुख्य राउटरपासून त्या खोलीपर्यंत लॅन केबल (नेटची तार) नेता आली की झालं.

१. जुना राउटर रीसेट करा, लॅपटॉपला केबलने जोडा आणि ब्राउझरमध्ये त्याचं सेटिंगचं पान उघडा. त्यात ‘ॲक्सेस पॉइंट मोड’ (केबलने आलेलं नेट फक्त वायफायने पुढे देण्याची सोय) दिसला तर तोच निवडा आणि थेट चौथ्या पायरीवर या.

२. जुन्या राउटरचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) बदला. मुख्य राउटर १९२.१६८.१.१ असेल आणि इतर उपकरणांना शेवटी १०० पासून पुढचे आकडे असलेले पत्ते वाटत असेल, तर याला १९२.१६८.१.२ द्या. तो कागदावर लिहून राउटरच्या पाठीला चिकटवा, नंतर हमखास विसरायला होतं.

३. नव्या पत्त्यावर पान पुन्हा उघडून डीएचसीपी (उपकरणांना आपोआप आयपी पत्ते वाटणारी सोय) बंद करा. हे राहिलं तर दोन्ही राउटर पत्ते वाटत बसतात आणि नेट मधूनच गायब होतं.

४. वायफायचं नाव, पासवर्ड मुख्य राउटरचंच. २.४ गिगाहर्ट्झ वायफायचं चॅनल (लहरींचा पट्टा) मात्र वेगळं: तिकडे १ असेल तर इकडे ६ किंवा ११.

५. मुख्य राउटरकडून आणलेली केबल दोन्हीकडे लॅन पोर्टमध्येच खुपसा, वॅनमध्ये (बाहेरून नेटची लाइन येते त्या पोर्टमध्ये) नाही. (ॲक्सेस पॉइंट मोड असेल तर त्यात सांगितलेला पोर्ट वापरा.)

भिंतीतल्या विजेच्या पाइपातून ही केबल ओढायचा मोह होतो. तेवढं करू नका, स्कर्टिंगच्या कडेने वेगळी पट्टी मारून न्या.