गळकी खिडकी: सिलिकॉनच्या नळीला हात घालण्याआधी

माझा धंदा ॲल्युमिनियमच्या खिडक्या बसवण्याचा, पण नव्या खिडक्या बसवायला जितकी बोलावणी येतात त्याहून जास्त येतात गळक्या खिडक्या बघायला. जाऊन बघावं तर चौकटीभोवती आतून-बाहेरून सिलिकॉनचे थर चढवलेले असतात, खाली भिंतीला पोपडे आलेले असतात आणि घरातलं कुणीतरी सांगतं, ‘एवढं भरलं तरी पाणी येतंच.’ मी आधी वाकून ट्रॅकच्या बाहेरच्या बाजूची भोकं बघतो. बऱ्याचदा तीसुद्धा सिलिकॉनने बुजवलेली असतात.

सरकत्या खिडकीचं एक लक्षात घ्या. तिच्या ट्रॅकमध्ये थोडं पाणी येणारच, तशीच तिची रचना असते. ते पाणी खालच्या पट्टीत जमतं आणि बाहेरच्या अंगाला असलेल्या बारीक खाचांतून निघून जातं. खाच बुजली की ट्रॅक भरतो आणि पाणी आतल्या काठावरून घरात उतरतं. म्हणून दुरुस्तीची सुरुवात फटी बुजवण्यापासून करू नका, पाण्याची वाट मोकळी करण्यापासून करा.

झडप सरकवून ट्रॅक उघडा करा. आधी सुकी माती, केस, मेलेले किडे जुन्या टूथब्रशने सुटे करून घ्या आणि व्हॅक्यूम क्लीनर असेल तर ओढून घ्या. नुसतं पाणी ओतलंत तर त्या सगळ्याचा चिखल होऊन खाचेतच बसेल. मग पातळ तार खाचेतून आरपार घाला. आता ट्रॅकमध्ये पेलाभर पाणी सावकाश ओता आणि बाहेर बघा. पाणी धारेने बाहेर पडलं पाहिजे. थेंब थेंब येत असेल तर अजून अडकलेलं आहे. काही खिडक्यांना आतल्या पट्टीत एक भोक आणि बाहेरच्या तोंडाला दुसरं, अशी जोडी असते आणि दोन्ही समोरासमोर नसतात. तिथे दोन्ही वेगवेगळी साफ करावी लागतात.

पाणी नीट बाहेर गेलं तर पुढची परीक्षा घ्या. गळतीचं हे कारण सहसा कुणी तपासत नाही. चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांत आडवी आणि उभी पट्टी जिथे मिळते, तो सांधा. तिथलं भरण सुकून सुटतं आणि ट्रॅकमधलं पाणी थेट चौकटीखालच्या भिंतीत जातं. खिडकी आतून कोरडी दिसते, पण तिच्या खालच्या कोपऱ्यापासून भिंतीवर ओलीचा डाग उतरतो. हे पकडायला बाहेरच्या खाचांवर तात्पुरती चिकटपट्टी लावा, ट्रॅक अर्धा भरेल इतकं पाणी ओता आणि पाण्याच्या पातळीला पेन्सिलीने खूण करा. अर्ध्या तासाने बघा. चिकटपट्टीच्या कडेने पाणी पाझरत नसेल आणि तरीही पातळी खुणेच्या खाली गेली असेल, तर कोपरा गळतोय, किंवा ट्रॅकमधून भिंतीत मारलेल्या स्क्रूच्या डोक्याजवळून पाणी उतरतंय. ट्रॅक पूर्ण कोरडा करा, कोपरा आणि स्क्रूचं डोकं स्पिरिटने पुसा आणि सिलिकॉनचा अगदी पातळ थर बोटाने दाबून बसवा. गठ्ठा ठेवलात तर झडप अडेल. आणि हो, परीक्षा झाली की ती चिकटपट्टी आठवणीने काढा.

काही लोक म्हणतात, ‘साध्या पावसात काही नाही, वादळातच पाणी येतं.’ त्याचा हिशेब सोपा आहे. ताशी ४५ किलोमीटरचा वारा समोरून आदळला की त्याच्या दाबाने ट्रॅकमधलं पाणी साधारण १ सेंटिमीटर वर उचललं जातं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो, म्हणजे ताशी ९० किलोमीटरला ४ सेंटिमीटर. ट्रॅकचा आतला काठ त्याहून बुटका असेल तर पाणी काठ ओलांडून आत येणार. तिथे सिलिकॉन काय करणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. अशा वेळी झडपांच्या कडेचा केसाळ ब्रश बदलून आणि झडप घट्ट बसवून वाऱ्याची आत घुसायची वाट कमी करा. तेवढ्याने बराच फरक पडतो. तरीही येत असेल तर उंच काठाचा ट्रॅक बसवणं किंवा वर सज्जा वाढवणं, एवढेच दोन मार्ग उरतात.

हा ब्रश, ज्याला धंद्यात वूलपाइल म्हणतात, खाचेतून ओढून काढता येतो. काढलेल्या तुकड्याचा नमुना दुकानात घेऊन जा, कारण तळपट्टीची रुंदी आणि केसांची उंची दोन्ही जुळावी लागतात. उंची कमी पडली तर फट राहते आणि जास्त झाली तर झडप ढकलताना दमछाक होते. झडप खाली बसल्यासारखी वाटत असेल तर तिच्या खालच्या कोपऱ्याजवळ, उभ्या पट्टीच्या बाजूला, एक छोटं भोक असतं. त्यात स्क्रूड्रायव्हर घालून बेअरिंग, म्हणजे झडपेखालचं चाक, वर-खाली करता येतं. दोन्ही टोकं थोडी थोडी फिरवत झडप चौकटीला समांतर आणा. चाक झिजून चपटं झालं असेल तर ते बदलाच, तेल घालून काही होत नाही. उलट तेलावर धूळ बसून लगदा होतो.

आता काचेभोवतीचं रबर. ते उन्हाने आकसतं आणि आकसलं की कोपऱ्यात उघडं पडतं. नखाने कोपऱ्यात चाचपून बघा. दोन रबरांच्या टोकांमध्ये काच दिसली की तिथून पाणी शिरतंय. नवं रबर लावताना ते ताणू नका. ताणून बसवलेलं रबर काही दिवसांत परत मूळ लांबीवर येतं आणि फट उघडते. थोडं जास्त लांब घेऊन, आत ढकलत ढकलत बसवा आणि जोड वरच्या बाजूला येऊ द्या. खालच्या बाजूला जोड कधीच नको, काचेवरून उतरणारं सगळं पाणी तिथेच येतं.

इतकं करूनही गळत असेल तर भिंत आणि चौकट यांच्यामधल्या फटीकडे वळा. पण गळती नक्की कुठून होते ते नळीच्या पाण्याने शोधून घ्या. एक माणूस आत टॉर्च आणि कोरडा कागद घेऊन, दुसरा बाहेर. नळीला जोर नको, पाणी नुसतं वाहू द्या. सुरुवात खालून करायची: आधी फक्त खिडकीखालचा बाहेरचा कट्टा, मग चौकटीची खालची कड, मग दोन्ही बाजू, मग वरची कड आणि सगळ्यात शेवटी वरची भिंत आणि सज्जा. प्रत्येक ठिकाणी दहा मिनिटं तरी थांबा. वरून सुरुवात केलीत तर ओघळ सगळीकडे जातो आणि काहीच कळत नाही. वरच्या मजल्यावर असाल तर खिडकीतून बाहेर लोंबकळून हे करू नका. तिथे परांची आणि दोरीच्या आधाराने काम करणारे लोकच बोलवा.

वरची भिंत भिजवल्यावरच पाणी आलं, तर खिडकीची चूक नाही. सज्जा जिथे भिंतीला टेकतो तिथली भेग बघा, आणि सज्ज्याच्या खालच्या अंगाला बाहेरच्या कडेजवळ पन्हळ आहे का ते बघा. ती नसेल किंवा रंगाने भरून गेली असेल तर पाणी सज्ज्याच्या पोटाला चिकटून सरळ चौकटीपर्यंत येतं.

कट्टा भिजवल्यावर पाणी आलं, तर कट्ट्याचा उतार तपासा. पाण्याचे चार थेंब टाका. ते चौकटीकडे धावले तर कुठलंही भरण टिकणार नाही. जुना पृष्ठभाग टाचून खरबरीत करायचा, भिजवायचा, सिमेंटची पातळ खीर लावून वर बाहेरच्या दिशेने उतरता गिलावा चढवायचा आणि आठवडाभर पाणी मारत राहायचं. काम गवंड्याचं आहे. मात्र गिलाव्याची वरची पातळी पाण्याच्या खाचांच्या खालीच राहील, एवढं तुम्ही उभं राहून बघा. मी पाहिलेल्या कितीतरी खिडक्यांत नवा कट्टा छान झाला होता आणि खाचा त्याच्याखाली गाडल्या गेल्या होत्या.

आता आली सिलिकॉनची पाळी. नळ्या दोन प्रकारच्या असतात. भरताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारी नळी काच आणि टाइल यांना चालते. सिमेंट, संगमरवर किंवा उघड्या धातूला ती नको, कारण सुकताना तिच्यातून आम्ल बाहेर पडतं. भिंत आणि चौकटीमध्ये न्यूट्रल लिहिलेली नळीच घ्या. वरून भिंतीचा रंग द्यायचा असेल तर सिलिकॉन घेऊच नका, त्यावर रंग धरत नाही. तिथे पॉलियुरेथेनचं भरण वापरा. नळीवरची मुदत वाचा. मुदत उलटलेली नळी महिनाभर चिकटच राहते.

जुनं भरण पूर्ण काढायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण. जुन्या सिलिकॉनवर नवं धरत नाही. दोन्ही कडांनी ब्लेड फिरवून जुन्या भरणाची दोरी ओढून काढा, उरलेली साय खरवडा, स्पिरिटने पुसा आणि भिंत खडखडीत कोरडी होऊ द्या. फट पेन्सिलीएवढी किंवा तिच्याहून रुंद असेल तर आत आधी फोमची गोल दोरी दाबा. त्याने माल वाचतो, पण खरं कारण वेगळं आहे. भरण फक्त चौकटीला आणि भिंतीला धरलं पाहिजे, मागे तळाला नाही. तीन बाजूंनी चिकटलं की चौकट उन्हाने फुगता-आकसताना त्याला ताणायला जागा मिळत नाही आणि ते फाटतं. भरणाची जाडी फटीच्या रुंदीच्या निम्मी पुरे.

दोन्ही बाजूंना कागदी चिकटपट्टी लावा. नळीचं तोंड तिरकं आणि वाटतं त्यापेक्षा लहान कापा. एका दमात ओढा, एकदाच बोट फिरवा आणि वर साय धरायच्या आत पट्टी काढा. पुन्हा पुन्हा बोट फिरवणाऱ्याचं काम हमखास खराब होतं. भरण बाहेरूनच करा. फक्त आतून भरलंत तर पाणी घरात दिसायचं थांबतं आणि भिंतीत मुरायला लागतं. सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने दिवसाला २ ते ३ मिलिमीटर इतकंच पक्कं होतं, तेव्हा दुसऱ्या दिवशी लगेच पाणी मारून परीक्षा घ्यायची घाई नको.

लाकडी खिडकी माझ्या हाताखालची नाही, पण दोन गोष्टी सांगतो. खालची आडवी पट्टी टोच्याने टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर लाकूड कुजलंय आणि वरून लांबी (पुट्टी) भरून रंग दिला तर आतली कूज तशीच वाढत राहते. तेवढा भाग कापून सुताराकडून नवा जोडून घ्या. काचेभोवतीची लांबी निघाली असेल तर जुनी पूर्ण काढून, लाकडाला तेल किंवा अस्तर देऊन नवी भरा, आणि ती वरून घट्ट झाल्यावर रंग देताना रंगाची कड काचेवर २ मिलिमीटर चढू द्या. तेवढी कडच पाणी अडवते. फार जुना रंग असेल तर तो सुका घासू नका, त्यात शिसं असू शकतं. पाणी मारून घासा आणि मास्क लावा.

दुहेरी काचेच्या मधोमध धुकं दिसत असेल तर कुठलीही नळी कामाची नाही. दोन काचांमधलं सील गेलेलं असतं आणि ती जोडीच बदलावी लागते. चौकट मात्र तीच चालते.

गळती थांबली की लोक लगेच आतल्या भिंतीला रंग द्यायला घेतात. थोडं थांबा. हातभर प्लास्टिक भिंतीवर चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा आणि दुसऱ्या दिवशी बघा. प्लास्टिकच्या मागे, भिंतीकडच्या बाजूला पाणी धरलं असेल तर भिंत अजून ओली आहे. खोलीच्या बाजूला धरलं असेल तर ते गळतीचं पाणीच नाही, घरातली वाफ गार भिंतीवर जमतेय. मग खिडकी जरा उघडी ठेवायला लागा.